चौदा बाया आणि एक खाडा

मंगळवार, १ ऑक्टोबर १९९१, जळगाव

पोस्टमनकाकांनी आज अमेरिकेची दोन पाकिटं आणली. इतकी जाड की काकांनी चहा घेतल्याशिवाय हातातच दिली नाहीत. दोन युनिव्हर्सिट्या, दोन फॉर्म, दोन रंगीत पुस्तकं. लाल पानांची झाडं आणि हिरवळीवर लोळून अभ्यास करणाऱ्या मुली. अर्धी गल्ली बघायला आली. समोरच्या शांताअक्कांनी चष्मा पुसून एक-एक पान पाहिलं आणि विचारलं, "ह्या पोरी गवतवर कसाले लोळी ऱ्हायन्यात? घरमा खाट नही का?"

नाना वरणगावहून ड्युटी करून आले, पुस्तक उलटंसुलटं केलं. म्हणाले, पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर जा, नाही तर आपलं कॉलेज काही वाईट नाही. म्हणजे नाही म्हणाले नाहीत!! आईला वाटतंय मी फॉर्म भरून दमेन आणि आपोआप विसरेन. आई मला अजून ओळखत नाही.

शनि. ५ ऑक्टो.

फॉर्ममध्ये पानभर जागा आहे: तुम्ही पुढाकार घेऊन केलेलं एखादं काम सांगा. माझ्याकडे कंपनी आहे! शंभर पोरांत एकाकडे तरी असेल का?

कच्चं लिहून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी धुळ्याच्या आत्याकडे लग्नात पापड कमी पडले. मी तेव्हा पंधराची. आमच्या गल्लीत पापड लाटायचे ते सगळ्या बायांनी मिळून, आज हिच्या घरी, उद्या तिच्या. मजुरी नाही, चहा आणि तेलात बुडवलेल्या लाट्या खायच्या, बस. मी फक्त नंबराची वही केली: कुणाच्या घरी कोणत्या दिवशी. त्यात एक जादा दिवस टाकला, त्या दिवशीचे पापड धुळ्याला. मिळकतीची सगळ्यांना सारखी वाटणी. आता धुळ्याचे एक शेठजी लग्नाच्या सीझनला आमच्याशिवाय दुसरीकडे विचारत नाहीत.

हे इंग्रजीत लिहिलं की फार भारी वाटतं. मलाच माझा आदर वाटायला लागला.

रवि. २० ऑक्टो.

प्रश्न: उद्योगात किती कर्मचारी? लिहिलं, १४. दुसरा प्रश्न: तुमची भूमिका? लिहिलं, संस्थापक व संचालक. "प्रत्येक कामात स्वतः निष्णात" हेही टाकलं. (लाटणं सोडून. पण अमेरिकेला कोण सांगायला जातंय.)

सोम. ४ नोव्हें.

मुंबईला मामाकडे राहून अमेरिकेच्या प्रवेशाची परीक्षा देऊन आले. गणित पोरखेळ. इंग्रजीत एकेक शब्द असा की डिक्शनरीलाही घाम फुटावा. घरी येऊन पाहते तर आईने माझ्या वाटणीच्या करंज्या शेजारी वाटून टाकलेल्या. चिडले. मग उरलेल्या तीन खाल्ल्या.

सोम. २५ नोव्हें.

शिफारसपत्रं लागतात. इंग्रजीच्या भालेराव सरांकडे गेले. त्यांनी टेबलाच्या खणातून छापील कागद काढला, नाव भरलं, शिक्का मारला. चारित्र्याचा दाखला. वर्तणूक चांगली. हाच दाखला परवा कॉपीत सापडलेल्या पोरालाही मिळालाय.

मी म्हणाले, सर, यात माझं काहीच नाही, माझ्या कंपनीबद्दल लिहा. सर फार सरळ माणूस. म्हणाले, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. बघायला येतील म्हणे, चौदा नावांसकट फॉर्मची नक्कल ठेवून घेतली. येऊ देत की!

धुळ्याची मोठी ऑर्डर आली आहे. लग्न १५ डिसें., माल १२ ला पोचायला हवा. सुरुवात ५ ला, अक्कांच्या गच्चीवर.

गुरु. ५ डिसें.

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

सकाळी आठ. गच्चीवर चौदाजणी, पोळपाट मांडलेले, पीठ कुटून तयार. मी वही घेऊन उभी. सर आले. टाय लावून! त्यांनी माझ्या फॉर्मची नक्कल काढली, खिशातलं पेन काढलं आणि मला वाटलं दोन प्रश्न विचारतील. तर त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. वर्गात घेतात तशी. "सिंधूबाई?" "हजर." "लीलाबाई?" "हजर." बाया हसून लोटपोट, सर गंभीर. पाच झाल्या. सहावं नाव शांताबाई. अक्कांनी लाटणं खाली ठेवलं आणि ही हजेरी कसली म्हणून विचारलं.

सरांनी फॉर्म मराठीत वाचून दाखवला. या उद्योगात चौदा कर्मचारी नोकरीस आहेत.

"मी कोनी नोकर शे?"

सर अत्यंत अदबीने म्हणाले, "प्रमिलाची."

 खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग अक्का उठल्या, पदराला हात पुसले, पोळपाट काखेत मारला. त्यांच्या मागे सिंधूताई. मग लीलाताई. मग एकेक करत सगळ्या, अगदी माझी आईसुद्धा!! आईला जिन्यात विचारलं, तू कुठे? म्हणाली, मला तरी पगार कुठे मिळतो.

सरांनी जाताना फॉर्मवर शेरा मारला: हजर पाच, गैरहजर नऊ.

शुक्र. ६ डिसें.

कुणी आलं नाही. कुटलेल्या पिठाला ओलं फडकं गुंडाळून ठेवलंय. आईच्या हातापाया पडून तिला बसवलं. नानांनीही आज सुट्टी टाकली. नानांचा पापड म्हणजे धुळे जिल्हा, मधून तापी वाहणारा. माझा त्याहून वाईट. लाटायला घेतला की एका बाजूने जाड पोळी, दुसऱ्या बाजूने भोक. नानांनी विचारलं, तू कंपनीची मालकीण ना? मी म्हणाले, मालकांना लाटावं लागत नाही. ते म्हणाले, वरणगावच्या फॅक्टरीत साहेब लोकही आधी मशीनवर काम करून येतात. मी लाटणं आपटलं.

मी काय चूक केली? इंग्रजीत मावशी-काकूंना दुसरा शब्दच नाही, मी काय करू. एवढं मनाला लावून घ्यायचं? धुळ्याचं लग्न कुणाच्या जिवावर आहे? माझ्या. नाक कुणाचं कापलं जाणार? माझं. रडले. पण पाचच मिनिटं.

शनि. ७ डिसें.

अक्कांकडे गेले, वही घेऊनच. कोण किती दिवस आलं सगळं लिहिलंय, म्हटलं दाखवू आपण किती व्यवस्थित आहोत. त्यांनी मला खाली बसवलं, वही हातात घेतली. त्यांना वाचता येत नाही. सून मंदावहिनीला वाचायला लावलं. वहिनी बी.ए., इंग्रजी घेऊन, पण घरात तिचा उपयोग फक्त विजेचं बिल वाचायला.

वहिनीने दोन वर्षांचे सगळे दिवस वाचले. कुणाच्या घरी नंबर, कोण आलं, कुणाचा खाडा. चौदा नावं. सिंधूताईचा एक खाडा, बाळंतपणाचा. बाकी कुणाचा नाही. मग अक्का म्हणाल्या,

"आमना खाडा दखाडा. आते तुनी हजेरी दखाड."

वहिनीने पानं मागे-पुढे केली. माझं नाव कुठेच नाही. एकाही घरी, एकाही दिवशी मी लाटायला बसलेली नाही. मी फक्त उभी राहिले, वही घेऊन. बाकीच्या सगळ्या एकमेकींकडे गेल्या आणि सगळ्या माझ्याकडे आल्या. मी कुणाकडेच गेले नाही.

शेवटचा शब्द अक्कांचाच. म्हणाल्या, तू कर्मचारी लिहिलंस म्हणून आम्ही उठलो नाही, आमच्यात जी नंबर देते आणि नंबरला जात नाही तिला मालकीण म्हणतात, आणि आपण मालकिणीकडे लाटायला जात नाही.

तोंडात मारल्यासारखं झालं.  मला उत्तर सुचलं नाही, ही तारीख लक्षात ठेवावी.

रवि. ८ डिसें.

सकाळी सहाला अक्कांच्या गच्चीवर गेले, पोळपाट-लाटणं घेऊन.  अक्कांचे घरचे पापड होते, धुळ्याचे नाही. अक्का म्हणाल्या, बस, लाट. बसले. एकेक बाई येत गेली, माझा पहिला पापड बघत गेली. लीलाताईने तो उचलून उन्हाकडे धरला आणि सगळ्यांना त्याच्या भोकातून माझ्याकडे बघायला लावलं. मंदावहिनी म्हणाली हा पापड नाही, चाळणी आहे. मान खाली घालून लाटत राहिले. मनगटं भरून आली. साडेअकराला अक्कांनी लाटी तेलात बुडवून माझ्या तोंडात कोंबली, कारण हात पिठाचे होते.

वही मंदावहिनीकडे गेली. पंधरावं नाव घातलं: पमी.

माफी मागायची राहूनच गेली. मागायला गेले तर अक्का म्हणाल्या, उद्या धुळ्याचं पीठ कुटायला लवकर ये.

गुरु. १२ डिसें.

माल धुळ्याला पोचला. पहाटेच्या एस.टी.ने मी आणि लीलाताई गेलो, मांडीवर डबे. शेठजींनी एक पापड उचलला आणि तोच नेमका माझा. म्हणाले, हा कोणी लाटला? लीलाताई म्हणाली, आमच्याकडे नवीन मुलगी लागली आहे, शिकते आहे. मी धुळ्याच्या स्टँडपर्यंत तिच्याशी बोलले नाही. मग उसाचा रस प्यायलो.

सोम. १६ डिसें.

नवा फॉर्म टायपिंगच्या क्लासात बसून स्वतः टाईप केला. कर्मचारी: ०. आम्ही पंधराजणी एकमेकींकडे जातो, हे वेगळ्या कागदावर लिहिलं. "निष्णात" खोडलं. निबंधात फक्त ७ तारीख लिहिली, वही आणि खाडा. वाचून नाना म्हणाले, यात तू जरा मूर्ख दिसतेस. म्हटलं, दिसते तशी आहे. सरांनीही खरं पत्र लिहिलं, पाच हजर नऊ गैरहजरचा किस्सा घालून.

तिसरं पत्र हवं, कामात बरोबर असलेल्या माणसाचं. अक्कांना विचारलं. त्या बोलल्या, मंदावहिनीने इंग्रजीत लिहिलं. दोन तास दार लावून! आतून हसण्याचे आवाज. नियम असा की मी वाचायचं नाही. दोन प्रती, दोन पाकिटं. घरात गोंद नव्हता म्हणून उडदाच्या पिठाची खळ लावून बंद केली, आता अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आला तरी उघडणार नाही.

पोस्टात देण्याआधी एक पाकीट उन्हाकडे धरलं. अक्षर दिसलं नाही, फक्त एक गोल सावली. महिला मंडळाचा शिक्का असेल. आमचं मंडळ आहे का पण?

पोस्टातल्या बाबूने वजन जास्त आहे म्हणून जादा तिकिटं लावली.

शुक्र. २१ फेब्रु. १९९२

बारावी डोक्यावर. आजपासून लाटणं बंद, अभ्यास. अक्कांना सांगून आले. ऐकून घेतलं आणि पीठ मळत राहिल्या. वहीत महिनाभर खाडे पडणार. पडू देत. नाही म्हटलं तरी वाईट वाटतंय.

सोम. ६ एप्रिल

पहिल्या युनिव्हर्सिटीचं उत्तर. पातळ पाकीट. खेद वगैरे. आईने गोड शिरा केला, का ते विचारलं तर म्हणाली, असंच. ती खूश आहे की दुःखात, हे शिऱ्यावरून कळत नाही.

सोम. १३ एप्रिल

दुसऱ्याचं उत्तर! पातळही नाही, जाडही नाही. प्रतीक्षायादीत नाव आहे. यादीवर राहायचं का, हे १ मेच्या आत कळवा. जागा झाली तर शिष्यवृत्तीसह.

खाली कुणीतरी पेनने लिहिलंय. मंदावहिनीने गच्चीवर सगळ्यांना मराठीत सांगितलं: श्रीमती शांताबाईंनी पत्रासोबत पाठवलेला पापड तुकडे होऊन पोचला. तो आधी भाजायचा असतो हे आम्हाला उशिरा कळलं.

म्हणजे गोल सावली पापडाची!! अक्कांना हसून खोकला लागला. कच्चाच खाल्ला असेल, म्हणाल्या. तो पापड कुणाचा होता विचारलं तर माझाच, आठ तारखेचा, भोकवाला.

प्रतीक्षायादी म्हणजे काय ते समजावलं. अक्का विचार करून म्हणाल्या, "कोनी खाडा कया ते तुना नंबर लागी, आसंच ना?" अगदी तसंच. तेव्हापासून गल्लीभर अमेरिकेतल्या कुठल्याशा पोराने खाडा करावा म्हणून देवाला साकडं. लीलाताईने तर नारळ बोलला. मला हे बरं वाटत नाही, पण अडवलंही नाही.

पेनच्या अक्षरात अजून एक ओळ होती. वहिनीने ती हळू वाचली. श्रीमती शांताबाई लिहितात की तुम्ही पापड वाईट लाटता, पण ८ डिसेंबरपासून एकही दिवस चुकला नाहीत. हे अजून खरं आहे का?

 २१ फेब्रुवारी ते २० मार्च. बारावी. खोटं लिहायचं नाही, आधीच एकदा लिहून पाहिलंय. वही मागितली, म्हटलं खाडे मोजून तरी लिहू.

वहिनी द्यायला तयार नव्हती. हिसकावली. २१ फेब्रुवारी: पमी, हजर. २२: पमी, हजर. महिनाभर रोज. आणि प्रत्येक 'हजर'पुढे बारीक अक्षरात: बदली, शांताअक्का. म्हणजे आपला पोळपाट झाला की अक्का माझाही लाटत होत्या. रोज दोन माणसांचे. आणि मला एक शब्द नाही.

मी रडले, सगळ्यांसमोर. अक्का म्हणाल्या, पीठ वाळतंय.

आता अमेरिकेला काय लिहू? हो की नाही? बदली हा शब्द त्यांना कसा सांगू? सरांना विचारायला हवं. यादीवर राहायचं हे नक्की. पण गेले तर माझ्या जागी रोज कोण बसणार, तेही उत्तर याच पत्रात लिहायचं का?

१ मेला अठरा दिवस आहेत. उद्या सहाला सिंधूताईचा नंबर, तिच्या कुरडया. अक्कांचा गुडघा धरलाय, त्यांना मी सांगून आले की येऊ नका, तुमच्या बदली मी करते. आधी ते. मग पत्र.