डावी दाढ आणि रविवारची बैठक

दिग्रस,
७ मे १९६४

प्रिय जया,

सप्रेम जय भीम.

"इंदे, तू बोलत नाहीस ना, तवा मले तुह्यं भेव वाटते," असे तू एकदा कापूस वेचता वेचता मला म्हणाली होतीस. आपण तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या असू. मी गप्प होते, कारण माझ्या ओटीत विंचू शिरला आहे असे मला वाटत होते आणि बोलले तर तो चावेल असाही माझा समज होता. (तो विंचू नव्हता, वाळके बोंड होते.) तुझे ते वाक्य गेले दहा दिवस मला सारखे आठवते आहे. का ते पुढे येईलच. आधी खुशाली. तुझा गुडघा आता बरा असेल. तुझी लेक सत्यशीला मजेत असेल. तुम्हां सगळ्यांचे दात कसे आहेत? हे मी रीत म्हणून विचारत नाही. उत्तरात प्रत्येकाचे वेगवेगळे लिहावेस.

त्या रविवारी पोरांच्या लग्नाच्या बैठकीला तू नव्हतीस आणि मी दाराआड होते, तेव्हा तिथे काय झाले ते तुला तुझ्या मारोतरावांकडूनच कळले असणार. त्यांनी घरी येऊन सांगितले असेल की भीमराजचे मोठेबाबा, आमचे श्रावणदादा, फार नाराज होते, अकरापासून एकपर्यंत दगडासारखे बसले, सत्यशीलेचे यवतमाळचे मास्तरकीचे ट्रेनिंग रद्द करतो म्हटल्यावरच त्यांनी हुंकार दिला आणि मग त्यांच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आले. यातला हुंकार खरा आहे. पाणीही खरे आहे. बाकी सगळी दाढ होती. डाव्या बाजूची, खालची, शेवटून दुसरी. डॉक्टरांनी ती बाटलीत घालून दिली आहे. मारोतरावांना पाहायची असेल तर कोनाड्यात ठेवली आहे.

श्रावणदादा तुला लांबूनच माहीत आहेत. आमचे हे गेल्यावर त्यांच्या या थोरल्या भावाने माझ्या भीमराजला वाढवले, शिकवले, मास्तर केले. स्वतः अठरा वर्षे जिनिंगमध्ये रेच्यावर, सरकी काढायच्या यंत्रावर, काढली. रेच्याच्या आवाजात बोलायची सवय झाल्यामुळे घरी मीठ मागतात तेही पलीकडच्या आळीला ऐकू जाते. वस्तीतल्या कोणत्याही सभेत ते सगळ्यांत आधी उभे राहतात आणि सगळ्यांत शेवटी बसतात. (मधले काही लोक जेवून परत येतात.) असा माणूस दोन तास गप्प बसला म्हणजे मारोतरावांना भीती वाटली यात त्यांचा दोष नाही. आणि या बैठकीसाठी तर दादांनी पंधरा दिवस भाषण तयार केले होते. अंगणात फेऱ्या घालत म्हणायचे, त्यामुळे मला ते पाठ आहे. त्यात एकच मुद्दा होता. सुनेचे शिक्षण थांबता कामा नये, लग्न आधी होवो की नंतर, ट्रेनिंगची दोन वर्षे पुरी झालीच पाहिजेत, आमच्या घरात खडूने पोट भरणारी पहिली बाई तीच असेल. या मुद्द्याला तीन उदाहरणे होती आणि एके ठिकाणी टाळ्यांसाठी जागा सोडलेली होती.

आता तू विचारशील, की माणसाचा गाल सुजतो आणि घरातल्या बाईला दिसत नाही? तर नाही दिसत. दादा माझे भासरे. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यासमोर पदर पुढे ओढून, मान खाली घालून वावरते. वस्तीत आपण पुष्कळ गोष्टी सोडल्या, देव सोडले, जुने सण सोडले, पण भासऱ्यापुढचा पदर सोडा असे कोणी नेमके सांगितले नाही, म्हणून तो राहून गेला. एका घरात राहून मी त्यांना ओळखते ती पावलांवरून, वहाणांवरून आणि जेवून उठल्यावरच्या ताटावरून. त्यांना काही हवे असले तर ते भिंतीला सांगतात आणि मी भिंतीला उत्तर देते. (भिंतीची आम्हां दोघांनाही फार मदत झाली आहे.) ज्यांना त्यांचे तोंड पाहता येत होते त्यांचाही उपयोग झाला नाही, कारण दादांच्या डाव्या गालात बारा महिने तंबाखूची गोळी असते. जिनिंगमधल्या लोकांना वाटले, गोळी मोठी झाली.

म्हणजे खरे तर फक्त मलाच कळायला हवे होते. बुधवारी भाकरीचे काठ ताटात परत आले. मी समजले, माझी भाकरी कडक झाली. गुरुवारी मऊ केली तर ती अख्खी परत आली, नुसता वरणभात संपला होता. मी समजले, माझे काही चुकले, आणि दिवसभर काय चुकले ते आठवत बसले. (चार गोष्टी आठवल्या. त्यांतली एकही त्यांना माहीत नव्हती असे आता कळते.) शुक्रवारी नुसते ताक. शनिवारी पेज, तीही अर्धी. चार दिवस ते दुखणे माझ्यापुढे ताटात मांडून ठेवलेले होते आणि मी ते रोज घासून पालथे घालत होते. भाषणाची काळजी लागली असेल असे मी शेवटी ठरवले.

दादा मात्र स्वस्थ नव्हते. आधी लवंग धरली. मग जिनिंगमधल्या एकाने घासलेटचा बोळा सांगितला. दुसऱ्याने तापलेल्या विटेचा शेक सांगितला, तो त्यांनी दोन दिवस घेतला. सरकारी दवाखाना हाकेवर आहे, पण रविवारी बैठक होती, आणि मुलीकडच्यांसमोर गाल बांधून बसणे त्यांना बरे वाटेना, म्हणून त्यांनी सोमवार ठरवला होता. जया, सोमवार हा फार वाईट वार आहे. दुखऱ्या दाताचे सगळे बेत सोमवारचेच असतात.

बैठकीत मी दाराआडून ऐकत होते. मारोतराव म्हणाले, पोरीचे ट्रेनिंगला नाव लागले आहे, दोन वर्षे आहेत. दादा गप्प. मी म्हटले, आता भाषण सुरू होईल. मारोतराव म्हणाले, सुट्टीत ती इकडेच राहील. दादा गप्प. मारोतराव म्हणाले, एक वर्ष करून सोडली तरी चालेल. तेव्हा मी चहा बाहेर पाठवला. शेवटी ते म्हणाले, "दादांचं मन नसन तं राहू द्या. नाव काढून घेतो." त्याच वेळी दादांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि तो दाढेवरून गेला. पुढचा हुंकार सगळ्यांनी ऐकला. डोळ्यांतले पाणी पाहून मारोतरावांनाही गहिवरून आले आणि त्यांनी दादांना मिठी मारली. डाव्या बाजूने. मारोतरावांची कड घेऊन मी एवढेच म्हणते, की त्या मिठीनंतर दादा भिंतीला टेकले ते समाधानाने टेकल्यासारखेच वाटले असते.

पाहुणे दीडच्या बसने आर्णीला निघाले. भीमराज त्यांच्याबरोबरच आपल्या शाळेच्या गावी गेला. मी कप उचलायला गेले तर कप भरलेला, आणि दादांच्या धोतरावर थेंब थेंब पडत होते. ती लाळ होती. मला डॉक्टरी कळत नाही, पण माणसाला स्वतःची थुंकी गिळता येत नसेल तर ते नुसते दाताचे दुखणे राहिले नाही, एवढे कळते. तुझे ते वाक्य मला तिथे आठवले. मी पदर मागे टाकला आणि दादांच्या तोंडाकडे पाहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ओळखू येण्यासारखे त्यात काही उरले नव्हते. सूज गालावरून हनुवटीखाली, मानेपर्यंत उतरलेली, कातडी ताणून चकचकीत, अंग तापलेले. तोंड उघडा म्हटले तर दातांतून सुईसुद्धा गेली नसती. काही बोलले, तर तोंडात गरम भात धरल्यासारखा आवाज. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि लाजून डोळे मिटून घेतले.

रविवार असल्यामुळे दवाखान्यात कंपाउंडर तेवढा होता. त्याने सोमवारी या म्हटले. यवतमाळची बस संध्याकाळी होती. जिनिंगच्या फाटकाशी लालसिंगचा ट्रक सरकीची पोती भरून घेत होता. त्याने दादांकडे एकदा पाहिले आणि उरलेली पोती खालीच सोडून इंजिन सुरू केले. पुढे तिघांचीच जागा. मधे मी, एका बाजूला लालसिंग, दुसऱ्या बाजूला माझ्या खांद्यावर रेललेले माझे भासरे. "बाई, नवऱ्याले झोपू देजो नको," लालसिंग म्हणाला, "बसता ठेव, मान पुढं. थुका बाहेर पडू दे." मी तसेच केले. नवरा या शब्दाची दुरुस्ती करायला वेळ नव्हता, आणि जे करू शकले असते त्यांचे तोंड उघडत नव्हते. दारव्ह्यापर्यंत लालसिंग दर वळणाला सांगत होता की तुझा बुढा नशीबवान आहे. पुढे मी त्यांचे श्वास मोजत होते, म्हणून तो काय म्हणाला ते माहीत नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी विचारले, किती दिवस झाले? मी बुधवारपासूनच्या भाकऱ्या सांगितल्या. त्यांनी त्या लिहून घेतल्या. विटेचा शेक ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला. लगेच हनुवटीखाली चिरून पू काढला, पेनिसिलीन सुरू केले, आणि मला म्हणाले की सकाळपर्यंत थांबला असतात तर, आणि हात धुवायला वळले. नंतर त्यांनी जे शिकवले ते तुला लिहिते, घरात सगळ्यांना वाचून दाखव. सूज जबड्याखाली उतरली, तोंड दोन बोटेही उघडेना, थुंकी गिळवेना, ताप आला, आवाज बदलला, यांतले एक जरी दिसले तरी शेक नाही, बोळा नाही, सोमवार नाही. निघायचे.

तोंड उघडू लागल्यावर दाढ काढली. परवा घरी आलो. डॉक्टरांच्या हुकमाने मी रोज दोनदा बॅटरी लावून दादांचे तोंड तपासते. ते डोळे मिटून बसतात, मी पदर दातांत धरून पाहते. भिंतीला सध्या काम नाही.

दवाखान्यात बोलता येऊ लागल्यावर त्यांनी पहिले विचारले ते हे. "सून किती तारखेले जाते यवतमाळले?" मी पाण्याचा पेला पुढे केला. मग म्हणाले, "मारोतराव नाराज तं नाही झाले? त्या दिशी म्या जरा जास्तच बोललो."

जया, तापाच्या भरात त्यांनी ते भाषण सगळे मनात म्हटले आहे, तिन्ही उदाहरणांसकट. त्यांची खात्री आहे की मारोतरावांनी ते ऐकले आणि टाळ्याही पडल्या. मी "नाही झाले नाराज" एवढेच म्हणाले. ते खुशीत झोपले.

गुडघ्याला जप. सत्यशीलेला माझा आशीर्वाद.

तुझी,
इंदू

ता. क. ट्रेनिंगमधून नाव काढल्याचे कार्ड अजून घरातच असेल तर ते चुलीत घाल. पोस्टात टाकले असेल तर मारोतरावांनी उद्याच यवतमाळला जावे आणि नाव परत लावावे. चार माणसांत शब्द दिला असे ते म्हणतील. तो शब्द त्यांनी दाढेला दिला होता, आणि ती आता बाटलीत आहे.

ता. क. दुसरा. पंधरा दिवस मोठ्याने बोलू नये, तोंड फार उघडू नये, नाहीतर जखम उसवेल, असे डॉक्टरांनी बजावले आहे. भाषण झालेच नव्हते हे दादांना कळले तर ते उभे राहून पुन्हा पहिल्यापासून करतील, हे तुलाही पटेल. म्हणून मारोतराव त्यांना पाहायला येतील तेव्हा त्यांनी एवढेच म्हणावे, की दादा, तुमचे भाषण चांगले झाले, पोरीला पाठवतो. दुसरा भाग खरा करणे त्यांच्या हातात आहे. पहिल्या भागाचे मला ठाऊक आहे. दीक्षा घेतल्यापासून चौथे शील, खोटे न बोलण्याचे, मारोतरावांनी एकदाही मोडलेले नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात, आणि माझ्या भासऱ्यांच्या दाढेसाठी ते मोडणार नाहीत. नाहीच म्हणतील. तरी जेवण झाल्यावर विचारून पाहा.