डब्यात घालायचा आवाज

कापडे, ता. पोलादपूर
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम. इकडे सगळे बरे आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तुझ्या घराचा पत्ता माझ्याकडे नाही, तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर टाकतोय.

भात कापून झालं. मळणीला शकूकाकीची माणसं आली होती. म्हैस व्याली, रेडी झाली. आईचा गुडघा तसाच, आणि डॉक्टरकडे चल म्हटलं की ती तशीच.

आता कामाचं. तू पुण्याला होस्टेलवर होतीस, तेव्हा वॉर्डन फोनवर बोलू द्यायची नाही म्हणून मी बटण दाबून धरायचो आणि आबा तुला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवायचे. "पोचलीस का गो? जेवलीस का? नाय आवडलं तरी खा." ते मेसेज अजून आहेत का तुझ्याकडे? जुन्या फोनात, कुठंही? असतील तर मला पाठव. रागावली असशील तर रागातच पाठव, पण पाठव.

कशाला, ते सांगतो. आबांचं घशाचं ऑपरेशन झालं, हे मामाच्या सारिकाने तुला कळवलं असेलच. स्वरयंत्रच काढलं. आता आबा बोलू शकत नाहीत. पाटीवर खडूने लिहितात. ज्या माणसाने बौद्धाचार्य म्हणून अर्ध्या तालुक्याची लग्नं लावली, त्याला पाणी मागायला टाळी वाजवावी लागते. बघवत नाही गं.

ऑपरेशनच्या आधी मी त्यांना माजघरात बसवून त्यांचा आवाज लॅपटॉपवर भरून घेतला होता. पाणी दे. चहा नको. दुखतंय. पंखा बंद कर. पत्त्यांच्या जोडाएवढा डबा करायचा, त्याला मोठी बटणं, बटण दाबलं की आबा बोलणार, असं ठरलं होतं. मोबाइलवर का नाही केलंस, असं विचारशील. आबांच्या बोटांना हे घट्टे, मोबाइलची काच त्यांना ओळखतच नाही. एक दाबायला जावं तर तिसरंच उघडतं आणि आबा मोबाइल भिरकावतात.

आमच्या धंद्यात अशा डब्यावर थेट काही बांधता येत नाही, त्याचा जीव एवढासा. म्हणून त्याचं सगळं बिऱ्हाड आधी लॅपटॉपवर एका फोल्डरात मांडायचं, त्याचे प्रोग्रॅम, त्या प्रोग्रॅमना लागणारं तयार सामान म्हणजे लायब्रऱ्या, आबांचे आवाज, आणि मग ते मेमरी कार्डावर चढवून डब्यात घालायचं. याला रूट फाइलसिस्टिम म्हणतात. त्या फोल्डरातल्या खोल्यांची नावं आणि खुद्द लॅपटॉपच्या खोल्यांची नावं एकच असतात. आपण कुणाच्या घरात उभे आहोत, एवढं भान ठेवायचं. पगार त्याचाच मिळतो मला.

डबा उठायचा आणि लगेच मान टाकायचा. चूक माझीच होती. घाईत लॅपटॉपच्या लायब्रऱ्या त्याच्यात कोंबल्या होत्या, आणि डब्याचा प्रोसेसर वेगळा, त्याला त्या चालत नाहीत. म्हटलं, बिऱ्हाड पुसू आणि नव्याने मांडू. पुसायची आज्ञा लिहिली, चालवली, पुन्हा मांडलं. पुन्हा तेच. तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली, तोही गेला. वीज आल्यावर मी चालू केला, वरचा बाण दाबून मघाचीच आज्ञा समोर आणली आणि एंटर मारला.

फोल्डरचा पत्ता मी एका नावात साठवला होता. लॅपटॉप बंद पडला तसं ते नाव रिकामं झालं. "डब्याच्या घरातलं सगळं पूस" या आज्ञेतून डबा गेला आणि राहिलं नुसतं "सगळं पूस". मध्ये काही विचारायचं नाही, हेही मीच सांगून ठेवलेलं. त्याने विचारलं नाही.

आवाजाची एक प्रत लॅपटॉपवर, एक कार्डावर, एक पेनड्राइव्हवर. शहाण्यासारख्या तीन केल्या होत्या. पण कार्ड आणि पेनड्राइव्हही त्या वेळी लॅपटॉपलाच लावलेले होते, तिन्ही प्रती गेल्या. इंटरनेटवर चढवायचं म्हणशील, तर आपल्याकडची रेंज तुला माहीत आहे. लॅपटॉप महाडला दुकानात नेला, मग पुण्याच्या मित्राकडे पाठवला. दोघांनी एकच सांगितलं, असल्या डिस्कवरून पुसलं की पुसलं.

ताई, आबांचा आवाज मी पुसला. मी, इंजिनियरने. स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली तरी समाधान होत नाही.

लग्नांचे व्हिडिओ गोळा केले. त्यात आबा आहेत, पण गाथा म्हणताना, आणि मागे बँजो. त्यात "पाणी दे" कुठून सापडणार? त्यांचा जुना फोन विहिरीत पडला, ते तुला आठवत असेल, तूच हसली होतीस. उरलीस फक्त तू.

डबा आता नीट उठतो. बटणं चालतात. आत घालायला काही नाही. आबांना मी हे सांगितलेलं नाही. रोज पाटी पुढे करतात, "झाला?" आणि मी म्हणतो, थोडंसं राहिलंय आबा.

आणि एक. गाठ परत आली आहे. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, त्यांना आवडेल ते खायला घाला. हे वर लिहायला हवं होतं. हात गेला नाही.

२६ नोव्हेंबर

पत्र पोस्टात टाकायला निघालो, तर आबांनी ओट्यावर अडवलं. पाटीवर लिहिलं, "आवाज गेला ना?" लॅपटॉप महाडला नेला, पुण्याला पाठवला, माझं तोंड हे असं. माणूस मुका झाला म्हणून आंधळा थोडाच होतो? मी मान डोलावली आणि तिथेच खाली बसून लहान पोरासारखा रडलो. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग पाटी पुसून लिहिलं, "दर्शूचा घाल."

आई म्हणाली, "काय तरीच तुमचं! बाप्याच्या डब्यातून बाईचा आवाज? वाडी हसंल." आबांनी लिहिलं, "हसंना."

ताई, तू किशोरदाजींशी कोर्टात लग्न केलंस, त्या दिवशी आबा काय बोलले ते तुला पाठ असेल. "या तोंडातून तिचं नाव परत निघायचं नाय." आज त्यांनी तुझं नाव लिहिलं. खडू मोडला, तुकड्याने पुरं केलं.

म्हणून वरचं माझं मागणं सोड. जुने मेसेज असोत-नसोत, तू स्वतः बोलून पाठव. पाणी दे. दुखतंय. जवळ बस. हे आबांनी मला लिहून दिलं. शेवटी लिहिलं, "चुकलं माझं." मला वाटलं, ते मला म्हणतायत. मी म्हटलं, आबा, चूक माझी आहे. तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि खाली लिहिलं, "दर्शूला म्हणायचंय. लिहून नाय. बोलून."

म्हणजे ते दोन शब्दही तूच बोलून पाठवायचेस. तू आलीस की आबा बटण दाबतील, आणि डबा ते तुझ्या आवाजात तुला म्हणेल. हे कसं मागावं, मला कळत नाही. तरी मागतोय. फार उशीर करू नकोस गं.

तुझ्या आवाजासाठी थांबलेला,
अश्वजित