पपईचा चीक आणि दूध

जालना, फेब्रुवारी १९९४, शनिवार संध्याकाळ

भोकरदनहून आणलेला पपईचा चीक पाण्यात कालवून आज आमच्याकडे उरलेल्या शेवटच्या मेंब्रेनमधून, म्हणजे गाळणीच्या पडद्यातून गाळला. जे विकायला हे युनिट काढलं, ते चिकातलं प्रथिन पडद्याच्या वर राहायला हवं, बाकी सगळं खाली. पण राहिलं का? दिसायला दोन्ही पाणीच.

माझा भागीदार शकील म्हणाला, "आज न्हाई जमलं तर मंग युनिट बंद करू."

चिकातलं प्रथिन दूध घट्ट करतं, म्हणून दोन ग्लासांत कोमट दूध घेतलं. एकात खालचं पाणी टाकलं. काहीच नाही. दुसऱ्यात वरचं टाकलं आणि ते दूध डोळ्यांदेखत थिजलं.

"जिंदा हाय हे प्रथिन!" शकील पुटपुटला.

कागदासारखा पातळ पडदा, त्याला कसं कळलं कोणाला अडवायचं? भोकं बारीक, कण मोठे, ठाऊक आहे मला. तरीही ते दूध डोळ्यांपुढून जात नाही. शकीलनं ग्लास उलटा धरला. थेंबसुद्धा पडला नाही.