रतनचं काम अजून रांगेत

ठाणे,
शुक्रवार, ९ ऑक्टोबर १९९८

प्रिय रतन,

तुझं कार्ड सोमवारी ऑफिसात आलं. अख्ख्या कार्डावर दोन ओळी. ‘माझी कामं रांगेतून काढून टाक. केणे सरांना माझ्याकडून सॉरी सांग.’ बाकी कार्ड कोरं. आई कशी आहे ते नाही, तू कशी आहेस ते नाही. सरांना सॉरी सांगितलं. कामं काढलेली नाहीत. का काढली नाहीत ते सांगतो, पण मला सरळ सांगता येत नाही हे तुला माहितीय. मला कोणी शीळफाट्याचा रस्ता विचारला तर मी पनवेलपासून सुरू करतो, आणि मधे चहाही पाजतो. तेव्हा जरा दम धर.

त्याच सकाळी, कार्डाच्या आधी, तुझ्या तानाजीदादाचा नाशिकहून फोन आलेला. सर साइटवर गेलेले म्हणून मीच उचलला. म्हणाला, आईच्या अंगावरून वारं गेलंय, डावी बाजू हलत नाही, आता रतन घरीच राहील, तिचं कॉलेज आणि तुमचं ते प्रोजेक्ट सगळं बंद समजा. मी म्हटलं, दादा, एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे, महिनाअखेरीला प्रोजेक्ट द्यायचंय. तर म्हणतो, खाडीचं पाणी कोणी मोजलं नाही म्हणून भरती यायची थांबते का रे? मला हसू आलं. चुकीच्या वेळी येतं ते. पण नंतर तो हळूच म्हणाला, बायकोला आठवा महिना आहे, मला इकडून हलता येत नाही, मी तरी काय करू? तेव्हा मला त्याचा राग येईना. तुला आला असेल, आणि तू तो गिळला असशील, म्हणून कार्ड एवढं कोरं. बरोबर ना?

मला आठवतंय, मी सरांकडे नवीन लागलेलो तेव्हा मला कोणी काही शिकवायला तयार नव्हतं. बारावी नापास, मग ट्रकवर क्लीनर, मग वेरावळला बर्फाच्या कारखान्यात, मग कल्याणला व्हिडिओ लायब्ररी. अशा माणसाला कॉम्प्युटरच्या ऑफिसात काय काम? सरांनी ठेवलं ते वायरी ओढायला आणि मशिनं उचलायला. तू एकटीनेच मला शेजारी बसवून सांगितलेलंस, की ही दहा मशिनं दिवसा दहा जणांची, त्यांच्यावर ड्रॉइंगं चालतात, पण वायरीने जोडलेली असल्यामुळे ती रिकामी पडली की मोठं काम आपसात वाटून घेतात. मी विचारलं, म्हणजे आपण पळत पळत दहाही मशिनं चालू करायची? तू म्हणालेलीस, “अरे येड्या, मशीनला पळवायचं नसतं. आपल्याला काय काय लागेल ते एका फाइलीत लिहून द्यायचं आणि बाजूला व्हायचं.” कुठला प्रोग्रॅम, मेमरी किती, वेळ किती, आणि मधेच कोणी आलं तर काय करायचं. मी म्हटलं, बाजूला होऊन मग? तू म्हणालीस, मग वाट बघायची. ते मला अवघड वाटलेलं, खरंच. मी कधी कसली वाट बघितलेली नाही. गाडीला उशीर झाला तरी मी दुसऱ्याच गाडीत बसून दुसरीकडेच जातो.

आणि ते ‘मधेच कोणी आलं तर’ मला फार आवडलेलं. पाच मिनिटं कोणी कळ दाबली नाही तर मशीन मोकळं समजायचं. कोणी येऊन एक कळ जरी दाबली तरी आपलं काम मुकाट्याने उठतं, मशीन त्याच्या हवाली करतं आणि परत रांगेत जाऊन उभं राहतं. दुसऱ्याच्या घरी कॉटवर झोपलेला माणूस मालक आला की कसा चादर गोळा करून उठतो, तसं. मी अशा बऱ्याच कॉटवरून उठलोय, म्हणून मला त्या कामाबद्दल आपुलकी वाटते. तू म्हणालीस, भिवा, तू कॉम्प्युटरचं पण काहीतरी भलतंच करतोस. मग मला नकाशा दाखवलास, आमच्या खाडीचे चौकोन चौकोन केलेले, भरतीला कुठल्या चौकोनात पाणी किती चढेल ते तुझा प्रोग्रॅम काढणार. कोपरच्या बाजूला मी बोट ठेवून म्हटलं, इथे आम्ही चिखलात निवट्या पकडायचो. तू हसत हसत त्या चौकोनावर पेन्सिलीने मासा काढलास. तो नकाशा अजून तुझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. हे उगाच सांगतोय, मुद्दा वेगळाच आहे.

मुद्दा असा. आईचं कळल्यावर तू फाइल अर्धी सोडून मोहन्याला घरी पळालीस, आणि मग पीसीओवरून फोन करून मला उरलेल्या ओळी सांगितल्यास. दहा वेगवेगळ्या भरत्या, प्रत्येक भरतीचं वेगळं काम, एकेका मशीनवर एकेक. मागून रिक्षांचे हॉर्न, तू ओरडून सांगतेयस, मी लिहून घेतोय. मधेच काम उठवलं गेलं तर ते पहिल्यापासून सुरू होणार, कारण अर्धवट झालेलं जपून ठेवायची सोय तुझ्या प्रोग्रॅममध्ये अजून केलेली नाही, हे तूच म्हणालीस. आणि सारखं सारखं उठवलं गेलं तर मशीन त्या कामाला होल्डवर टाकेल, म्हणजे ते रांगेत राहील पण त्याचा नंबर लागणार नाही. म्हणून खंडेनवमीला दुपारी पूजा झाली की लाव, म्हणालीस, तिथपासून सोमवारपर्यंत ऑफिस बंद, मशिनांना कोणी हात लावणार नाही. सगळं बरोबर होतं. मी एकेक ओळ तीनदा तपासली. पूजा आटोपल्यावर सरांच्या केबिनमधल्या मशीनवरून कामं रांगेत लावली, प्रसादाचे पेढे खाल्ले, थोडे जास्तच खाल्ले, आणि शटर ओढून निघालो.

आता कमळाबाई. तू फक्त तिचा झाडू बघितलायस, तिची पूजा बघितलेली नाहीस, कारण गेल्या वर्षी तू इथे नव्हतीस, मीही नव्हतो. पूर्वी या ऑफिसात ड्रॉइंगचे बोर्ड होते, तेव्हापासून खंडेनवमीची पूजा तिचीच. सर नुसते सोवळं नेसून बसतात, ती सांगेल तसं हात जोडतात. या वर्षी तिने प्रत्येक मशीनला हळदकुंकवाची बोटं लावली, झेंडूची माळ घातली, आणि विचार केला की यातलं हत्यार कुठलं? ज्यावर माणसाचा हात चालतो ते. म्हणून नारळ ठेवला कीबोर्डावर. नीट, शेंडी वर करून, सरांच्या केबिनमधलं सोडून प्रत्येक मशीनपुढे एकेक.

तुला कळलं असेल. मला तेव्हा कळलं नाही, सरांना कळलं नाही, कोणालाच कळलं नाही. मॉनिटर बंद होते ना. नारळ बसले कळांवर, आणि मशिनांना वाटलं, माणूस बसलाय. कळ दाबलेली असेपर्यंत पाच मिनिटं सोड, एक क्षण मोकळा नाही. नारळ जरा कलंडला की कळ सुटायची, पाच मिनिटांनी तुझं काम बिचारं येऊन बसायचं, रस्त्यावरून टेम्पो गेला की नारळ परत हलायचा, काम उठायचं. असं उठून उठून नऊ कामं होल्डवर गेली.

दसऱ्याला दुपारी मी सरांना सोनं द्यायला गेलो तेव्हा त्यांना म्हटलं, जरा ऑफिसात जाऊन बघू या का कुठपर्यंत आलंय. सरांनी त्यांच्या मशीनवर यादी काढली आणि चष्मा पुसला. मी नारळाला हात घालणार तेवढ्यात म्हणाले, थांब, पूजा कमळाबाईने मांडलीय, ती उठवेल. इंजिनिअर माणूस, पण तिला घाबरतात. मी कळव्याला तिच्या घरी गेलो. ती पुरणाच्या हातानेच बाहेर आली, आणि सगळं ऐकून माझ्यावरच उखडली. “मेल्या, आत पोरीचं काम चाललंय हे आधी नाही सांगायचं? मी नारळ खाली ठेवला असता!” मग पदर डोळ्यांना लावून बसली. माझ्या हाताने पोरीचं शिक्षण अडलं, म्हणाली. तिला मी किती समजावलं, पण अजून रोज विचारते, रतन कधी येणार. तुला तिचा राग यायचा नाही हे मला माहितीय, तरी लिहितो, राग धरू नकोस.

पण रतन, नऊ म्हटलं ना मी. दहावं काम झालं. कोपऱ्यातल्या मशीनचा कीबोर्ड दुरुस्तीला गेलेला, म्हणून तिथला नारळ मशीनच्या डब्यावर ठेवलेला. ते एकटं मशीन चार दिवस शांतपणे चालत राहिलं आणि त्याने रविवारी संध्याकाळी तुझी एक भरती पुरी केली, पौर्णिमेची, पावसाशिवायची. सरांनी त्याचे आकडे कागदावर काढले, बंदरावरच्या पाणी मोजायच्या नोंदींशी लावून बघितले. पेन्सिल घेऊन परत पहिल्या ओळीपासून ताडले. मला वाटलं बिघडलंय. मग म्हणाले, “पोरीने जमवलंय रे.” दोनदा म्हणाले. मला आकड्यातलं काही कळत नाही, पण सरांचा चेहरा कळतो. तुझा प्रोग्रॅम बरोबर आहे, रतन. उरलेल्या नऊ भरत्या फक्त चालवायच्या राहिल्यात.

तुला हे सांगायला त्या पीसीओवर फोन केला. तो माणूस म्हणाला निरोप देतो, दिला नसणार. सोमवारी तुझं कार्ड आलं. मी ते सरांपुढे ठेवलं. ते म्हणाले, कामं मी काढू शकतो, एक मिनिट लागेल, पण काढणार नाही, ज्याचं काम त्याने येऊन काढावं. मी म्हटलं, मग तुम्हीच होल्डवरून सोडा ना. तर म्हणाले, सोडून काय उपयोग, या शनिवार-रविवारी मशिनं मोकळी आहेत, पण सोमवारी सकाळी माणसं येऊन बसतील, आणि अर्ध्यावर आलेलं काम परत पहिल्यापासून. अर्धवट झालेलं जपून ठेवायच्या ओळी आधी घालायला हव्यात, आणि त्या घालाव्यात तिनेच, तिच्या प्रोग्रॅममध्ये मी बोट घातलं तर परीक्षेत ती काय सांगणार? तासाभराचं काम आहे, म्हणाले. फार तर दोन तास. त्यानंतर तिने इथे बसायचंही कारण नाही.

दोन तास, रतन. मी कार्ड परत वाचलं. तुला कॉलेज सोडायचं आहे असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. आईला एकटं टाकून दोन तास कुठे जाता येत नाही, एवढंच त्या कोऱ्या जागेत होतं. मला तसं दिसलं. चुकत असेन तर मला शिव्या दे. एक ड्रायव्हर मित्र हुबळीला गाडी घेऊन चाललेला, मला म्हणाला चल, चार दिवस फिरून येऊ. मी नाही गेलो. म्हटलं, माझं एक काम रांगेत आहे. तो म्हणाला, तुझं? मी म्हटलं, हो, म्हणजे जवळजवळ माझंच.

आणि मग काल मी कोपरला घरी गेलो. आईने वाढलं, आणि जेवता जेवता मी तिला सगळं सांगितलं, ही कॉम्प्युटरची रांग, नारळ, तुझी आई, सगळं. कॉम्प्युटरचं तिने एका कानाने ऐकलं. पण तुझ्या आईची, रखमाबाईंची, डावी बाजू गेलीय म्हटल्यावर हातातली पळी खाली ठेवली. आमची आजी अशीच अंथरुणात होती, मी लहान असताना. तिला कुशीवर वळवणं, भरवणं, पाठीला तेल लावणं, सगळं आईनेच केलं, आणि आजीशी रोज भांडायचीही, म्हणायची भांडली नाय तर म्हातारीची जीभ पण जाईल. तिने मला एवढंच विचारलं, “त्या पोरीचे घरात बाईमानूस कोन हाय?” मी म्हटलं, कोणी नाही. तर म्हणाली, “मंग मी बसन तिचे आयशीपाशी. बाजाराला जनी जाईल.” जनी म्हणजे माझी बहीण, आईच्या जागी मासळी विकायला बसायला ती लगेच हो म्हणाली. बाबांना कोणी विचारलंही नाही.

तेव्हा हे पत्र पोस्टाने येणार नाही. पत्र पोचेपर्यंत शनिवार-रविवार निघून जाईल, आणि तू उत्तरात ‘नको’ लिहिशील. ज्या बाईने हे आत्ता तुझ्या हातात दिलंय ती माझी आई, मनुबाई. तिला वाचता येत नाही, म्हणून यात काय आहे ते तिला ठाऊक नाही, फक्त तू वाचेपर्यंत उभं राहायचं एवढं सांगितलंय. ती शहाडला उतरून पत्ता विचारत विचारत आलीय, आणि तिच्या पाटीत तुझ्या आईसाठी बोंबलाचं सूप करायचं सामान आहे. उंबऱ्यात संकोचेल. तिला आत घे, आईची औषधं दाखव, आणि साडी बदलून नीघ. ठाण्याला आल्यावर कामं सोडायची की काढून टाकायची ते तुझं तू ठरव. मी काही बोलणार नाही. ऑफिसच्या पायरीवर बसलेलो असेन, आणि तू येईपर्यंत तिथून हलणार नाही.

सध्या कुठेही न निघालेला,
तुझाच
भिवा