पुन्हा चेष्टा करा

१ जुलै २०१९, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही, नोंद राहावी म्हणून.

ऑक्टोबरअखेर निवृत्ती. सेक्शनमधली पोरं आत्ताच फायली माझ्या टेबलाला वळसा घालून पुढे नेतात. विचारलं तर म्हणतात, सर, आपको काहे को तकलीफ देना. मला तकलीफ हवी आहे. निवृत्तीनंतरही माझ्या शब्दाने कुठेतरी काहीतरी हललं पाहिजे. एवढंच मागणं आहे.

जागा सापडली. इथे भोपाळात कारखान्याच्या टाउनशिपमधल्या आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. जगभरची माणसं इंटरनेटवर जमून ते बिनपगारी लिहितात. त्यातलं मराठी अर्धवट आहे, निम्मी बटणं इंग्रजीत. मी कारखान्याच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये पंचकार्डांपासून आहे. महिन्याभरात मराठी विभाग माझ्या हाताखाली.

२ जुलै
अर्ज पाठवला. विषय: थेट बदल करण्याचे अधिकार प्रदान करणेबाबत. सोबत अनुभवाचा दाखला आणि गेटपासची झेरॉक्स. प्रत माहितीसाठी सर्वांना.

४ जुलै
उत्तर आलं. भारतीय भाषांचं काम प्रतिभा नावाच्या लखनौच्या बाई बघतात. मराठी येत नाही, हिंदीत लिहितात. म्हणतात, स्वागत आहे, पण पहिल्या दिवशी थेट अधिकार कोणालाच नसतो. आधी छोटी कामं करा, ती तपासली जातील, काही नीट झाली की भरवसा बसतो. मराठी तपासणाऱ्या मुलाचं नावच विश्वास. साताऱ्याचा. वयाने माझ्या नोकरीपेक्षा लहान.

नवख्यांसाठी पहिलं काम: दोन शब्दांमध्ये चुकून पडलेल्या जादा स्पेस काढणे. ज्याने अख्ख्या कारखान्याच्या पगाराच्या स्लिपा छापल्या त्याने मोकळ्या जागा पुसायच्या. नाही करणार.

७ जुलै, रविवार
सगळं मराठी एका बैठकीत उरकलं. विश्वासने आधी केलेलंही सुधारलं. त्याचं 'पुन्हा प्रयत्न करा' फारच शाळकरी. मी 'पुन्हा चेष्टा करा' केलं. 'रकाना रिकामा आहे' ऐवजी 'रकाना खाली आहे', सुटसुटीत. 'नवीन सभासदांचे प्रशिक्षण' लांबलचक होतं, ते 'नवीन सभासदांची शिक्षा' केलं.

आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर टी. टी. नगरात आले. तेव्हापासून तीन पिढ्या आम्ही खानझोड्यांनी भोपाळात शुद्ध मराठी जपली आहे.

९ जुलै
विश्वासने सगळं परत पाठवलं. तेही नम्रपणे, त्याने जास्त चीड येते. म्हणतो, काका, थोडं थोडं पाठवा म्हणजे तपासता येईल. आणि चेष्टा म्हणजे थट्टा ना? काका कोण याचा?

सुलभाला वाचून दाखवलं. तिने लाटणं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. मग म्हणाली, अहो, मुलगा बरोबर सांगतोय, तुम्ही हिंदी लिहिलंय. बायकोचं माहेर सांगली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, अजून तिला भोपाळची मराठी येत नाही. महाराष्ट्रात राहून लोकांची भाषा बिघडली त्याला मी काय करू.

१० जुलै
माघार नाही. गणपतीत या विषयावर भाषण देतो असं मंडळात सांगून टाकलं. शीर्षक: 'जागतिक संगणकविश्वात आमचा वाटा'. आता वाटा मिळवणं तेवढं राहिलं.

१४ जुलै, रविवार
मंडळाच्या कॉम्प्युटरवर माझी मराठी मीच चढवली. परवानगीचा प्रश्न नाही, तो कॉम्प्युटर हबीबगंजच्या दुकानातून मीच पसंत करून आणला होता. लोक वापरतील, वाखाणतील. मग बघू साताऱ्याचे काय म्हणतात.

१६ जुलै
वाचनालय सांभाळणाऱ्या शशिकलाबाईंची तक्रार. स्क्रीनवर 'पत्त्याचा रकाना खाली आहे' असं येतं, म्हणून लोक पान खाली खाली सरकवतात आणि खाली काहीच नसतं. एक गृहस्थ माउस टेबलाच्या कडेपर्यंत नेऊन आता पुढे काय म्हणून विचारत होते. हिंदी शाळेतल्या पोरांना मात्र पटकन कळतं, घोळ फक्त मराठी येणाऱ्यांचा होतो, असं बाई म्हणाल्या. म्हणजे दोष कोणाचा ते उघड आहे.

१९ जुलै
मंडळाचे अध्यक्ष गजाननराव नातीला सभासद करायला आले. कार्डाचा नंबर चुकला. मशीन म्हणालं, कृपया पुन्हा चेष्टा करा. गजाननराव म्हणाले, मी एकदाही केलेली नाही. पुढच्या पानावर 'नवीन सभासदांची शिक्षा' आलं. नातीने मोठ्याने वाचलं आणि रडायला लागली.

कॉम्प्युटरवर आता टॉवेल टाकून ठेवलाय. माझं भाषण रद्द, त्या वेळेत पाककृती स्पर्धा. सुलभाने नाव दिलंय.

२० जुलै
वाईट वाटलं. ऑफिसात फाईल नाही, मंडळात भाषण नाही. पण झुकणार नाही. त्या इंटरनेटवाल्यांना राजीनामा देऊन मोकळा होतो. हिंदीत लिहून लखनौच्या बाईंना सोपं करून देणार नाही. अस्सल मराठीत पाठवला: 'मी माझा राजीनामा सादर करीत आहे. कृपया स्वीकार करावा. यापुढे कोणताही वाद नाही. धन्यवाद. द. ग. खानझोडे.'

फार बरं वाटलं. चहा दोनदा घेतला.

२२ जुलै, सोमवार
बाईंचं उत्तर. हिंदीत, सगळ्यांना प्रत. म्हणतात, राजीनामा वाचून मन भरून आलं. भांडण मिटवायला पहिलं पाऊल टाकणारे थोडे, त्यातून आपण वडीलधारे, आणि तोही 'सादर'. आनंदाने स्वीकार आहे. सोबत नवख्यांसाठीचं पहिलं काम पुन्हा जोडलंय.

जन्म भोपाळात गेला, हिंदीत राजीनामा म्हणजे समेट आणि सादर म्हणजे आदराने, हे मला कळायला हवं होतं. सुलभा म्हणाली, आयुष्यात एकदा तुम्ही बरोबर मराठी लिहिलंत आणि नेमकं ते हिंदीत वाचलं गेलं. आज ती हसली नाही. तेही आवडलं नाही.

२३ जुलै
विश्वासचा निरोप, फक्त मला. म्हणतो, काका, तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला कळलंय. ताईंना सांगू की राहू दे?

खुलासा लिहायला घेतला. विषय: राजीनामा हा राजीनामाच असल्याबाबत. दुपारपर्यंत पुढे सरकलो नाही. ऑफिसात कोणी काम अडवायलाही आलं नाही.

२५ जुलै
विश्वासला कळवलं, राहू दे. केवळ बाईंचं मन मोडू नये म्हणून. याला माघार म्हणत नाहीत.

हाताशी होतं म्हणून ते पहिलं कामही करून टाकलं. 'नवीन पुस्तक' या दोन शब्दांमधली जादा स्पेस काढली. चहाच्या वेळेला उत्तर आलं: तपासलं, घेतलं, छान काका. सुलभाला दोन्ही स्क्रीन दाखवल्या, आधीची आणि नंतरची. चष्मा लावून बघितलं तिने, म्हणाली, काय बदललं ते दिसत नाहीये. मी बोट ठेवून दाखवलं.

माझ्यामुळे 'पुस्तक' हा शब्द एक घर डावीकडे हलला आहे.