काउंटरखालचे फायटर

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुकान उघडतेय तोच हवालदार म्हात्रे दारात! हातात मनाई आदेशाचा कागद. सोटे, दंडुके, लाठ्या, 'शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू' बरोबर नेणं बंद. मी म्हटलं, "नेणं बंद ना? विकणं कुठे लिहिलंय?"

त्यांनी शोकेसवर बोट टेकवलं. "ताई, तुम्ही विकलंच नाही तर नेणार कोण? हे बोटांत घालायचे लोखंडी फायटर आजच काढा. सगळ्या दुकानांना सांगितलंय. परत दिसलं तर गुन्हा."

मग ही बॅट? स्टंप? त्याने डोकं फुटत नाही? मी विचारलं.

"बॅटने खेळतात, ताई. याने काय खेळणार?"

 राग आला.

फायटर पिशवीत भरून काउंटरखाली ढकलले. वर शटलकॉकचे डबे.

४ फेब्रुवारी

कल्पेश म्हणतो, "ऑनलाइन घरपोच मिळतंय, मग आपणच काय घोडं मारलंय? आहे तेवढा माल गुपचूप संपव, रोशनी." भाऊ आहे, भागीदारही. खरेदी तो करतो, काउंटरवर मी! पोलीस आले की चेहरा माझा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

एक गेला.

९ फेब्रुवारी, सोमवार

समोरच्या स्टँडवर सुदामची रिक्षा नाही. आमच्या मालाचे खोके न सांगता आत आणून ठेवणारा सुदाम. बाकीचे रिक्षावाले म्हणाले, काल संध्याकाळी रोडपालीला पार्किंगवरून भांडण झालं. स्कूटरवाल्याने फायटर घालून मारलं. जबडा मोडला.

फायटर!

दिवसभर कशात लक्ष नाही. टेनिस बॉल मागणाऱ्याला सीझन बॉल दिला.

१० फेब्रुवारी

गुरुवारी सगळं लिहिलं नव्हतं. लिहिते.

तोही स्कूटरवरूनच आला होता. ओळखीचा नाही. "ते आहे का?" एवढंच म्हणाला आणि मला कळलं. बोटांत घालून बघितला. मूठ वळली. मी हसून म्हटलं, "अंगठा बाहेर ठेवा, नाहीतर तुम्हालाच लागेल."

काळजी घेतली मी — कोणाची!

पनवेलमध्ये स्कूटरवाले हजारो आहेत. हजारो.

१२ फेब्रुवारी

हॉस्पिटलला गेले. सफरचंदं घेऊन! सुदामचे दात तारांनी बांधलेत. पेज तेवढी नळीने ओढतो. पिशवी पायाशी लपवायला गेले, पण त्याने बघितली. हात जोडले मला. मला!

त्याची बायको पारू — आपटा गावची — कोपऱ्यात नेऊन म्हणाली, "भूक लागते ओ त्याला. तोंड उघडत नाय. रडतो ते पन दात मिटूनच." मग मोबाइल काढला. "पकडला बगा त्याला. ह्यो."

तोच.

मी "अरेरे" म्हटलं. 

१३ फेब्रुवारी

कल्पेशला सांगितलं. पहिल्यांदा पांढरा पडला, मग ओरडला — "कुणाला बोललीस?" दुपारी म्हात्रे रस्त्यात भेटले. मीच विचारलं. म्हणाले, "ऑनलाइन मागवला म्हणतोय."

म्हणजे आमचं नाव नाही. कल्पेशने पेढे आणायचेच बाकी ठेवलेत. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — खूप बरं वाटलं. अर्धा तास. मग जेवण जाईना.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पिशवी डिकीत टाकून आपट्यापर्यंत गेले. पाताळगंगेच्या पुलावर थांबले. खाली बायका कपडे धूत होत्या. एकीने वर बघून विचारलं, "काय हरवलंय का, बाय?"

नाही म्हटलं. पिशवी परत घेऊन आले. ती पुन्हा काउंटरखाली. दिवसभर पाय तिला लागतोय.

१७ फेब्रुवारी

नाही. काहीच केलं नाही आज.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पारू दुकानात आली. तो स्कूटरवाला जामिनावर सुटलाय. "आमच्या दारावरनं जातो, ताई. मुद्दाम हॉर्न वाजवतो. तुमच्याकडं भेटतं म्हनतात ते. मला एक द्या. मी घालीन बोटांत."

पिशवी काढली. तिला दिली नाही. शटर ओढलं, म्हटलं, "चल माझ्याबरोबर."

पोलीस ठाण्यात म्हात्रेंच्या टेबलावर सगळे ओतले. "त्याने ऑनलाइन नाही घेतला. मी विकला. मनाईचा कागद दाखवून गेलात ना, त्यानंतर."

येताना वाटभर पारूने माझा हात धरला होता. तो तिने सोडला.