बहादूर, गाडी लाव

मंगळ., २ डिसें.
नववी ब मध्ये आज कमाल झाली. समतेचा धडा चालू होता आणि मागच्या बाकावर इम्रान तोंडाने ढोलकी वाजवत होता. बाहेर काढणार होतो, पण ठेका पक्का. म्हणालो, "थांबू नको. यावरच धडा बसवू." पोरं वेडी झाली. मी वैराग गावच्या भजनी मंडळात वाढलेला. चार ओळी म्हणून दाखवल्या. इम्रान : "सर, रॅप म्हना की! तुमी आरती म्हनताय!"
सगळे हसले. एकटी सरिता वहीत डोकं घालून बसलेली. तिला पोरं 'चायनीज' म्हणतात. आईबाप नेपाळचे, ही जन्मली सोलापुरातच.

बुध., ३ डिसें.
सांगितलं, तुम्हाला ज्या नावाने चिडवतात ते धरून दोन ओळी लिहा. काळ्या, तेलंग्या, अडाणी... धडाधड आलं. शेवटी सरिता उठली. इम्रानच्या ठेक्यावर :
"डोळं माझं बारीक, इचारू नगा गाव,
हितलीच हाय मी, अन् सरिता माझं नाव."
बाक असे बडवले की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. तिला 'चायनीज' म्हणणारेच सगळ्यात जोरात बडवत होते!

गुरु., ४ डिसें.
उपास. पहाटे समर्थांचा जप झाला, पण बोटं माळेवर आणि डोक्यात ठेका. स्वामी समजून घेतील.
वर्गात सरिताने पुढच्या दोन ओळी म्हटल्या :
"रोज हजेरीला सर घेतात माझ्या बापाचं नाव,
संध्याकाळी गेटवर म्हणतात, बहादूर, गाडी लाव."
पोरं खिदळली. मग माझ्याकडे बघायला लागली.
हजेरीपट समोर होता. सरिता लोकनाथ क्षेत्री. रोज मोठ्याने वाचतो. तिचा बाप आमच्याच सोसायटीचा वॉचमन, हेही ठाऊक. अकरा वर्षं बहादूर म्हणतोय. आणि पोरांना शिकवायला निघालो मी...
"ओळी गाण्यात अशाच राहू देत," एवढंच बोललो.
संध्याकाळी गेटवर हाक मारली, "लोकनाथराव!" वळलाच नाही. दुसऱ्या हाकेला दचकला. "काय चुकलं का साब?" माझं चुकलं म्हणालो, तर तोच हात जोडायला लागला. मी ते हात धरले.

सोम., ८ डिसें.
गॅदरिंग शनिवारी, त्यात पोरांचं हे गाणं. मुख्याध्यापकांनी तालीम पाहिली. "झकास! फक्त त्या दोन ओळी काढा. शिक्षकाचीच टर?"
"टर माझी आहे सर. मला चालते."
"तिच्या बापाला चालते का विचारा मग."
विचारलं. लोकनाथ म्हणाला, "नको साब. सोसायटीचे सगळे येणार, त्यांची पोरं याच शाळेत. बहादूर तर सगळेच म्हणतात. राग आला तर नोकरी जाईल."
खरं आहे. टाळ्या मला मिळतील, नोकरी त्याची जाईल. उत्साहात हे सुचलंच नव्हतं. सौ. म्हणाली, "तुमची माफी मागून झाली. आता त्या पोरीच्या गाण्यावर स्वार होऊ नका."

शुक्र., १२ डिसें.
सरिताला सांगितलं, ओळी तुझ्या, बाप तुझा. मी घाल म्हणणार नाही, काढ म्हणणार नाही. इम्रानने ठेका दोन्ही तऱ्हेने बसवलाय, त्या ओळी घेऊन आणि गाळून. "कुटं बी थांब म्हना सर, थांबतो. पर थांबू वाटंना."
काय तयार झालीत पोरं!

शनि., १३ डिसें.
मंडपात बसून लिहितोय. आमचा नंबर सातवा, पाचवा चालू.
सरिता आत्ताच पळत सांगून गेली. लोकनाथने आज सुट्टी घेतली. तिला म्हणाला, "तू गा. मी पुढं बसतो. त्या ओळीपाशी माझ्याकडं बघ, मग ठरव."
पहिल्या रांगेत आमच्या सोसायटीचे चेअरमन येऊन बसलेत. त्यांच्या शेजारची एकच खुर्ची रिकामी आहे. लोकनाथ इस्त्रीच्या शर्टात, अजून मागे खांबाजवळ उभा.
सहावा नंबर पुकारला.